पेडल धरून ठेव

"मार!"

गाडीखालून आवाज आला तसं तिने ब्रेकचं पेडल दाबलं.

"मार. मार. अजून एकदा. आता धर! सोडू नको, हां!"

"धरलंय."

खाली पाना करकरला, चाकामागच्या निपलमधून ब्रेकच्या नळीतली हवा फसकन सुटली आणि पेडल तिच्या पायाखालून तळाला गेलं. तिने ते तसंच दाबून ठेवलं. निपल उघडा असताना पाय उचलला तर काढलेली हवा परत आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, हे तिला आता पाठ झालं होतं. शिवाय नवऱ्याची बडबड ऐकावी लागते ती वेगळीच.

दुपार टळटळीत होती. पिकअप अंगणात उभी होती. सीटचं रेक्झिन जागोजागी फाटलेलं, त्यातून स्प्रिंग वर आलेली, आणि ऊन तर असं की दाराच्या पत्र्याला हात लागला की चटका बसावा. तिची पोटरी सकाळपासून पेडल मारून दगडासारखी झाली होती. घाम पाठीवरून ओघळत कमरेपर्यंत जात होता. गाडीखाली नवरा उताणा पडला होता. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. एका पायातली चप्पल कधीच निसटून लांब जाऊन पडली होती.

"झालं!" तो म्हणाला. "निपल आवळला. आता मार दोन-तीनदा. कडक लागतंय?"

"लागतंय."

"बस्स! संपलं काम. या कामाचे मेस्त्री लोक दिवसाची मजुरी घेतात."

तिने पाय काढला नाही. सकाळपासून धरायची सवय झाली होती, म्हणून पाय तसाच राहिला असेल. आणि तेव्हा तिला ते जाणवलं. पेडल कडक होतं, पण थांबलेलं नव्हतं. गाळात पाय हळूहळू रुतत जावा तसं ते खाली चाललं होतं. तिने जोर केला नव्हता, नुसता पाय टेकून ठेवला होता.

"अहो, पेडल खाली जातंय."

"निपल उघडल्यावर जाणारच ते."

"निपल बंद आहे ना? बंद असताना जातंय."

तो गाडीखालून सरपटत बाहेर आला. कोपरापर्यंत काळा, केसांत माती. तिला बाजूला सरकवून तो सीटवर बसला आणि टक टक टक टक पेडल मारलं. दर मारागणिक ते वर राहिलं.

"हे बघ. दगड झालाय दगड! कुठे जातंय?"

"मारलं की नाही जात. धरून ठेवलं की जातं."

"तुझा पाय दमलाय," तो म्हणाला. "आणि ऑइल कुठे गळतंय ते दाखव. चारही चाकं कोरडी. वर ऑइलची डबी भरलेली. ऑइल गेलं नाही तर पेडल कशाने जाईल?"

ती खाली उतरली. दारात धान्य निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "म्हातारीचं झालं का रे एकदाचं?"

म्हातारी म्हणजे गाडी. नवऱ्याने तिला हे नाव ठेवलं तेव्हा सासूबाई दोन दिवस रुसल्या होत्या. आता त्याच सगळ्यात जास्त म्हणायच्या.

"झालं, आई. ठणठणीत झाली."

नवऱ्याला गावात सगळे इंजिनेर म्हणायचे. शाळा त्याने अर्धवट सोडली होती, पण पंखा, पंप, शिलाई मशीन, काहीही बिघडलं की खोलून बसायचा आणि दहापैकी सात वेळा ते चालूही व्हायचं. उरलेल्या तीन वेळांबद्दल बोललेलं त्याला खपत नसे. गाडी घेतल्यावर तर त्याने पाने, जॅक, हातोडी सगळं जमवलं आणि मेस्त्रीकडे जाणं बंद केलं.

मेस्त्री म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. चढाच्या खाली, पुलापलीकडे मोठ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं आणि हाताला त्याच्या खरोखर गुण होता. पण मेव्हणा म्हणून तो दाजींकडून पैसे घ्यायचा नाही. नवरा खिशात हात घालायचा, हा हात धरायचा. चार लोकांसमोर ओढाताण व्हायची आणि शेवटी नवरा तसाच परत यायचा. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण क्लच बदलला त्या दिवशी गॅरेजमध्ये गर्दी होती, आणि भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजींकडून काय घ्यायचं! त्यांच्याकडे असते तर हे भंगार घेतलं असतं का त्यांनी?"

गॅरेज हसलं. आणि तीही हसली. लहानपणापासून भाऊ काही बोलला की हसायची तिची सवय, तोंडातून हसू निघून गेलं. नवऱ्याने लोकांकडे पाहिलंच नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून गाडीबद्दल तिने काहीही म्हटलं की त्याला त्यात भाऊच बोलताना ऐकू यायचा. हे तिला कळत होतं. कळून उपयोग काय, हसू काही परत गिळता येत नाही.

संध्याकाळी जेवताना तिने पुन्हा विषय काढला.

"उतारावर थांबावं लागलं तर?"

"उतारावर कोण कशाला थांबेल?"

"पुलाचं काम निघालंय. लाल झेंडा घेऊन माणूस उभा असतो. एका बाजूच्या गाड्या सोडतो, दुसऱ्या बाजूच्या अडवतो. काल आपल्या शेजारच्यांना अडवलं होतं."

"मग थांबू. ब्रेक कशाला आहे?"

"अहो, तेच तर—"

"हे बघ," त्याने घास ताटात परत ठेवला. "उद्या अंड्यांचा माल खाली पोचला नाही तर शेडवाले मालक दुसरी गाडी लावतील. तसे बोललेच आहेत ते. मग ही म्हातारी अंगणात उभी करून तिच्यावर वेल सोडायचे का? तुझ्या भावाला हसायला बरं होईल."

सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या उगाच मध्ये सरकवला.

भांडी घासताना तिच्या मनात आलं, भावाला गुपचूप फोन करावा. फोन हातात घेतलाही. पण भाऊ आला असता तर नुसता आला नसता. बोलत आला असता. आणि नवऱ्याने पुन्हा तिच्याकडे तसंच बघितलं असतं. तिने फोन फळीवर ठेवून दिला. भाऊ काय म्हणेल यापेक्षा, आपण सांगितलेलं आपल्याच माणसाला पटत नाही, हे तिला जास्त लागलं होतं.

सकाळी उजाडताच दोघं कोंबड्यांच्या शेडवर गेले. ती तिथेच कामाला होती, अंडी निवडायच्या. या उन्हाळ्यात कोंबड्या कमी अंडी देत होत्या आणि कवचं पातळ पडत होती, त्यामुळे निवडायचं काम दुप्पट झालं होतं. दोन्ही हातांत अंडी घ्यायची, एकमेकांवर हलकी टेकवायची. चांगल्याचा आवाज खणखणीत येतो, तडा गेलेल्याचा बसका. तडा डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतो. बघून कुणी चुकलं असेल, टेकवून ती चुकली नव्हती. मालकही तिने बाजूला काढलेलं अंडं कधी परत तपासत नसत.

आणि घरी मात्र माझा पाय दमलेला, असं तिच्या मनात आलं आणि हातातलं अंडं जरा जोरात टेकलं गेलं.

ट्रेवर ट्रे चढले. नवऱ्याने दोरी आवळली, वर ताडपत्री ओढली. मालक बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली. "इंजिनेर, ऊन व्हायच्या आत पोचव. काल गाडी नव्हती म्हणून माल पडून राहिला. असं रोज चालायचं नाही."

"नाही मालक. काल ब्रेकचं काम काढलं होतं. आता टकाटक आहे."

"मेस्त्रीकडून केलं का?"

"घरीच."

मालकांनी 'घरीच' हा शब्द तोंडात घोळवल्यासारखा केला आणि आत गेले. नवऱ्याचे कान लाल झाले.

तो दार उघडून बसला, तशी तीही दुसऱ्या बाजूने चढून बसली.

"तू कुठे?"

"येते."

"कशाला? इथलं काम?"

"सांगितलंय मी. ट्रे बघायला कुणी नको का?"

"ट्रे कधी बघावे लागले?"

"ब्रेक चांगला आहे ना?" ती समोर बघत म्हणाली. "मग मला घ्यायला काय हरकत आहे?"

नको म्हणावं तर स्वतःच्याच कामावर भरवसा नाही असं व्हायचं. त्याने चावी फिरवली. स्टार्टर दोनदा नुसता कण्हला, तिसऱ्यांदा गाडी धडधडली.

सपाटीवर सगळं ठीक चाललं. वळणाआधी तो टक टक असा दोनदा ब्रेक मारायचा, गाडी नमायची, आणि तो तिच्याकडे तिरकस बघायचा. उतार लागला तसा त्याने दुसरा गिअर टाकला, मग पहिला. एरवी याच उतारावर तो गाणी म्हणायचा. आज इंजिनचा घोगरा आवाज सोडला तर गाडीत कसलाच आवाज नव्हता.

शेवटच्या वळणानंतर पूल दिसला. आणि लाल झेंडाही.

पुढे गाड्यांची रांग लागली होती. त्यांच्या अगदी पुढ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली, पुलाच्या कामाच्या लोखंडी सळ्यांनी भरलेली. सळ्या ट्रॉलीबाहेर हातभर नाही, चांगल्या माणसाएवढ्या लांब आलेल्या होत्या आणि टोकाला कुणीतरी लाल फडकं बांधलं होतं. नवऱ्याने टक टक ब्रेक मारला. गाडी थांबली. सळ्या आणि काच यांच्यात एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर होतं. त्याने गिअर काढला, पेडल दाबून ठेवलं आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "थांबली की नाही?"

"थांबली."

"मग?"

ती त्याच्याकडे बघत नव्हती. फडक्याकडे बघत होती.

फडकं जवळ आलं. आधी तिला वाटलं ट्रॉली मागे येतेय. पण ट्रॉली जागच्या जागी होती. मग नवऱ्यालाही ते दिसलं आणि त्याने पाय जोरात दाबला. पेडल आणखी खाली गेलं. त्याने पाय उचलून पुन्हा मारलं, टक टक टक, गाडी थबकली. त्याने श्वास सोडला. आणि पेडल परत सावकाश, मऊपणे तळाकडे निघालं. गाडी परत सरकू लागली.

"हँडब्रेक!" ती ओरडली.

"केबल तुटलीय त्याची!"

हे तिला माहीत नव्हतं.

त्याने रिव्हर्स टाकायला हात नेला आणि आरशात पाहिलं. मागे दुचाकीवर एक बाई होती, पुढे मूल बसवलेलं, पार टेकून उभी. तो हॉर्न वाजवत राहिला. बाई वैतागून दुसरीकडे बघू लागली. रांगेत हॉर्न वाजवणारे तिने रोज पाहिले असणार. ट्रॅक्टरवाला खाली उतरून पुलाच्या कठड्यापाशी कुणाशी बोलत होता. गाडी गिअरमध्ये टाकून इंजिन बंद करावं, हे नवऱ्याला एरवी झोपेतही सुचलं असतं. पण त्या वेळी त्याचं सगळं डोकं उजव्या पायात उतरलं होतं. तो मारत होता, धरत होता, मारत होता. दर वेळी गाडी वीतभर पुढे जात होती.

फडकं बॉनेटवर आलं. सळ्यांची टोकं बरोबर त्याच्या छातीसमोर होती.

"उतर!" तो म्हणाला. "तू उतर आधी!"

तिचं दार केव्हाच उघडं होतं. रस्त्याकडेला कामाचे दगड पडले होते. पहिला उचलायला गेली, तो जागचा हलेना. दुसरा हलला. तो पोटाशी धरून ती वाकत, फरफटत आली आणि पुढच्या चाकापुढे टाकला. चाक त्याला येऊन टेकलं, दगड सरकला, डांबरावर करकरला, आणि तिने तो हाताने दाबून धरला. बोट दगडाखाली गेलं. कळ थेट खांद्यापर्यंत आली. पण गाडी नमली, मागे हलली, परत पुढे झुकली आणि थांबली.

तिने बोट ओढून काढलं आणि आणखी एक दगड आणून दुसऱ्या चाकाला लावला. मगच ती उभी राहिली.

सळ्यांची टोकं काचेवर टेकली होती. फुटली नव्हती काच. तिच्यावर टिकलीएवढे दोन पांढरे डाग उमटले होते, एवढंच.

नवऱ्याने आता गिअर टाकला आणि इंजिन बंद केलं. तरी त्याचा पाय पेडलवरच होता. ती त्याच्या दारापाशी गेली.

"काढा पाय. दगड लावलेत."

त्याने काढला नाही.

"अहो, काढा. मी सांगते ना."

त्याने पाय काढला. गाडी हलली नाही. मग तो दाराचा आधार घेत उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसला. मागे ताडपत्रीखालून पिवळा बलक फळीवरून ठिबकत होता. वरचे काही ट्रे हिसक्याने फुटले होते. त्याने तिकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मग त्याला तिचं बोट दिसलं. नखाखाली काळं पडलेलं, कडेने रक्त. त्याने गळ्यातला रुमाल काढला, त्यातली त्यात स्वच्छ बाजू शोधली आणि बोटाला गुंडाळला. गाठ काही बसेना, तेव्हा टोक आत खोवलं.

"तू म्हणत होतीस," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही."

तिला रडू आलं. काल दुपारपासून साठलेलं होतं ते. "मी त्या दिवशी हसायला नको होतं," ती म्हणाली. "तुमच्यावर नव्हते हो हसले. पण हसले ते हसलेच."

तिने डोळे पुसून फोन काढला. "त्याला बोलावते."

"दे इकडे. मीच लावतो."

तो उभा राहिला. फोन कानाला लावून पाठ तिच्याकडे केली, पण आवाज काही लपत नव्हता.

"मेस्त्री, दाजी बोलतोय. पुलाच्या अलीकडे उभा आहे. पेडल मारलं की कडक लागतं आणि धरून ठेवलं की खाली जातं. ऑइल कुठेच गळत नाही." तो थांबला. पलीकडून भाऊ काहीतरी लांबलचक बोलत होता. "मास्टर सिलिंडर? बरं. ऐक माझं. पूर्ण पैसे घेणार असशील तरच ये. नाहीतर मी दुसरा कुणी बघतो."

ती फोनकडे कान लावून उभी राहिली. भाऊ आता हसला असता तर संपलं होतं.

"घेतो म्हणाला," नवऱ्याने फोन तिच्या हातात दिला. मग खिशातून स्वतःचा काढून मालकांना लावला आणि ब्रेकने दगा दिला, माल उशिरा पोचेल, काही फुटलाय, असं सरळ सांगितलं. मालक जे काय बोलले ते त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

भाऊ आला तो तोंडाचा पट्टा बंद ठेवूनच. आल्या आल्या त्याने काचेवरचे ते दोन डाग पाहिले, सळ्या पाहिल्या, मग बहिणीचं गुंडाळलेलं बोट. त्याचा चेहरा उतरला.

"ताई..."

"कामाचं बघ आधी," ती म्हणाली.

तेवढ्यात झेंडेवाल्याने रांग सोडली. ट्रॅक्टर निघून गेला. भावाने चाकांखाली आणखी दगड लावले, चारही चाकं वाकून पाहिली. मग हात पुसत म्हणाला, "दाजी, चाकांचं काम चांगलं केलंय तुम्ही. खोड त्यात नाही. वरच्या, मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलंय. ऑइल बाहेर येत नाही, आतल्या आत मागे फिरतं. म्हणून दिसत नाही. भल्याभल्यांना कळत नाही ते."

"आम्हाला कळलं होतं," नवरा म्हणाला. "काम सांग. किती होतील?"

भावाने रक्कम सांगितली.

"एवढे?"

"नवीन सिलिंडर आहे, दाजी. शिवाय उन्हात रस्त्यावर येऊन काम."

"सिलिंडरचे मान्य. मजुरी जास्त लावतोस."

भावाने बहिणीकडे पाहिलं. ती पुलाकडे बघत होती, आणि तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू येत होतं. ते तिने ओठ दाबून आत ठेवलं.

"बरं, येण्याजाण्याचं धरत नाही," भाऊ म्हणाला. "पण याच्या खाली नाही हां. मलाही घर आहे."

"चालेल."

दोघं बॉनेटखाली वाकले. नवरा पाने देत होता, मध्येच 'हा नको, तो घे' असंही म्हणत होता आणि मेस्त्री निमूट तो पाना घेत होता. जुना सिलिंडर निघाला. नवा बसला. डबीत ऑइल भरलं. भाऊ पाना घेऊन मागच्या चाकापाशी खाली शिरला आणि तिथून ओरडला, "दाजी, बसा वर. पेडल मारा!"

नवरा दारापर्यंत गेला. हात दारावर ठेवला. मग मागे वळला.

"मी नाही. ती बसेल."

"ताईचं बोट—"

"पेडल पायाने मारतात," नवरा म्हणाला. "आणि पेडल काय म्हणतंय ते आमच्यात तिलाच कळतं."

ती वर चढली. रेक्झिन तापलं होतं, स्प्रिंग होती तिथेच टोचली. तिने पाय टेकवला.

"मार! मार! मार! धर, ताई!"

"धरलंय."

एक चाक झालं, दुसरं झालं, चारही झाली. भाऊ बाहेर आला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसत म्हणाला, "झालं. सोड आता."

तिने सोडलं नाही.

नवरा दारापाशी उभा होता. पेडलकडे बघतच नव्हता तो, तिच्या तोंडाकडे बघत होता. भाऊ काहीतरी बोलायला गेला तर त्याने हात वर करून त्याला गप्प केलं. खालून मोकळ्या झालेल्या गाड्या चढ चढत येत होत्या, धूळ उडत होती, मागे फळीवरचा बलक उन्हाने वाळत चालला होता. तिघंही तसेच थांबले होते, तिच्या पायासाठी.

"जातंय का?" त्याने हळूच विचारलं.

तिने घाई केली नाही. हवा तेवढा वेळ घेतला.

"नाही," ती म्हणाली. "थांबलंय."

"मग चाक मोकळं करतो," तो म्हणाला, आणि दगड काढायला वाकला.